डोक्यावरचं फूल

श्रोतेहो, नमस्कार.

माझा पहिला कॅक्टस सलग पाच महिने फुललेला होता. टेनिसच्या चेंडूहून जरा लहान, पांढऱ्या काट्यांचा, आणि बरोब्बर डोक्यावर एक गुलाबी फूल. आल्यागेल्याला मी तो कौतुकानं दाखवायचे. दमट दिवशी फूल मिटायचं, हवा कोरडी झाली की पुन्हा उघडायचं. मग शंका घ्यायची तरी कशाला? एकदा वनस्पतिशास्त्र शिकवणारी माझी मैत्रीण घरी आली. तिनं कुंडी उचलली, फिरवून पाहिली आणि विचारलं, "किती दिवस झाले म्हणालीस गं या फुलाला?" मी ऐटीत सांगितलं, "पाच महिने!" "मग त्याला पाणी नको घालूस, धूळ पुसत जा," ती म्हणाली आणि चिमटीत धरून तिनं फूल अलगद ओढलं. ते हातात आलं. खाली गोंदाचा पारदर्शक थेंब, आणि थेंबाला चिकटून आलेले दहा-बारा काटे.

ते फूल कॅक्टसचं नव्हतंच. कागदासारख्या कडक पाकळ्यांचं एक फूल असतं, स्ट्रॉफ्लॉवर म्हणतात त्याला. ते सुकवून, गरम गोंदानं कॅक्टसच्या माथ्यावर चिकटवलेलं होतं. या फुलाची गंमत अशी, की ते सुकून मेलं तरी दमट हवेत मिटतं आणि कोरड्या हवेत उघडतं, पाइनच्या शंकूसारखं. त्यात जीव नसतो, फक्त ओल शोषून वाकणाऱ्या पेशी असतात. म्हणजे पाच महिने मी घरातल्या दमटपणाचं मोजमाप करत होते आणि त्याला बागकाम म्हणत होते.

मैत्रिणीनं ते एका नजरेत कसं ओळखलं, यातच आजच्या विषयाचं, म्हणजे घरातल्या कॅक्टसला फुलं कशी आणायची याचं, निम्मं सार आलं. माझं रोप होतं मॅमिलेरिया. कॅक्टसमधली ही मोठी प्रजाती, आणि तिच्यातल्या बहुतेक जाती मेक्सिकोतल्या. तिच्या अंगावर सलग कंगोरे नसतात, सुटे सुटे उंचवटे असतात, चक्राकार मांडलेले. प्रत्येक उंचवट्याच्या टोकाला काट्यांचा झुबका. कळी येते ती या टोकाला नाही, दोन उंचवट्यांमधल्या बेचक्यातून. आणि सहसा मागच्या वर्षी वाढलेल्या भागातूनच येते. नवी वाढ माथ्याच्या मधोमध होते, ती जुन्या भागाला हळूहळू बाहेर सरकवते. त्यामुळे मागच्या वर्षीचा भाग माथ्याभोवती कड्यासारखा असतो, आणि फुलंही तशीच येतात, मुकुटासारखी गोल. मधोमध एकच फूल, तेही काट्यांच्या वर बसलेलं, हे मॅमिलेरियाला जमणारच नाही. दुसऱ्या काही कॅक्टसना जमतं, त्यांची फुलं माथ्यावरच येतात. पण तिथंही फूल काट्यांच्या आतून वर येतं, काट्यांवर टेकत नाही.

आता ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण फुलासाठी आपण जे काही करतो ते सगळं तिथूनच निघतं. या वर्षीचं फूल मागच्या वर्षीच्या वाढीतून येतं. कळ्या आल्या नाहीत म्हणून आत्ता खताची पुडी आणून उपयोग नाही. मागच्या उन्हाळ्यात त्याला ऊन किती मिळालं आणि मागच्या हिवाळ्यात तुम्ही त्याला किती निवांत ठेवलंत, ते आठवा.

आधी उन्हाचं बोलू. कॅक्टसला "घरातलं झाड" म्हणताना मला नेहमी थोडं अवघडल्यासारखं होतं. ते घरात राहतं, पण जगतं खिडकीवर. दिवसातून चार-पाच तास थेट ऊन येईल अशी खिडकी त्याला हवी. खिडकीपासून चार पावलं आत आलं की आपल्या डोळ्यांना खोली तितकीच उजळ वाटते, कारण डोळे जुळवून घेतात. कॅक्टसला ते जमत नाही. कम्प्युटरशेजारी ठेवला की तो किरणं शोषून घेतो असं अजूनही कुणीतरी सांगतं. तो काहीही शोषत नाही, कोपऱ्यात बसून उपाशी राहतो. उपाशी कॅक्टस कसा ओळखायचा? चेंडूचा दंडगोल व्हायला लागतो, माथा निमुळता आणि फिकट हिरवा होतो, काटे विरळ आणि किरटे येतात. अशा वेळी घरातले आनंदानं म्हणतात, "बघा, किती वाढला!" वाढलेला नसतो तो, उजेडासाठी मान उंचावत असतो. आणि एकदा निमुळता झालेला भाग पुन्हा गोल होत नाही. अशा रोपाला उन्हात न्यायचं तर दोन-तीन आठवडे घेऊन, थोडं थोडं. एकदम कडक उन्हात ठेवलं तर कातडी भाजते आणि तो पिवळट डाग कायमचा राहतो.

हिवाळ्याचं मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण फुलं इथंच हुकतात. मॅमिलेरिया, रेब्यूशिया यांसारखे छोटे कॅक्टस थंडीत वाढ थांबवतात. त्या दोन-तीन महिन्यांत त्यांना भरपूर उजेड, थंड जागा आणि जवळजवळ शून्य पाणी लागतं. आठ ते बारा अंश तापमान मिळालं तर उत्तमच. तितकी थंडी नसेल तिथं निदान घरातली सर्वांत थंड पण उजेडाची खिडकी शोधायची आणि पाण्याचा हात आखडता घ्यायचा. रोप थोडं आक्रसतं. कंगोऱ्यांचे कॅक्टस तर पेटीच्या भात्यासारखे असतात, पाणी मिळालं की फुगतात, संपलं की घड्या जवळ येतात. ते पाहून आपल्याला दया येते. ही दयाच घातक. ऊबदार खोली, कमी उजेड आणि दर आठवड्याला पाणी, असा हिवाळा काढलेलं रोप धड झोपत नाही की धड वाढत नाही, आणि वसंतात त्याला कळ्या धरत नाहीत.

मग पुन्हा पाणी कधी सुरू करायचं? अनुभवी मंडळी सांगतात, कळ्या स्पष्ट दिसेपर्यंत थांबा. रेब्यूशियाच्या बाबतीत तर हे फारच खरं. बुंध्याजवळ लालसर ठिपक्याएवढे कोंब येतात. त्या वेळी घाई करून भरपूर पाणी दिलं, तर जो कोंब कळी व्हायचा तो बाळरोप होऊन बसतो. बाळ झालं म्हणून तक्रार कशी करणार, पण फूल गेलं ते गेलंच.

वाढीच्या दिवसांत पाणी द्यायचं तर पोटभर द्यायचं. कुंडीच्या भोकातून वाहून जाईपर्यंत. आणि मग माती तळापर्यंत कोरडी होईस्तोवर विसरून जायचं. रोज चमचाभर पाणी घालणं ही सर्वांत वाईट पद्धत. वरची माती सतत ओली आणि मुळं तहानलेली. "दर किती दिवसांनी?" असं मला लोक विचारतात. कॅलेंडर बघून हे ठरत नाही. कुंडी हातात घेऊन तोला, कोरडी कुंडी चटकन हलकी लागते. आठवड्याभरात हाताला अंदाज येतो.

कुंडी रोपापेक्षा बोटभरच मोठी, तळाला भोक असलेली. भोक नसलेल्या सुंदर चिनी मातीच्या कपात कॅक्टस विकतात, तो कप चहाला वापरा. मातीत निम्म्याहून जास्त भाग जाड वाळू, परलाइट किंवा प्युमिससारखं खडबडीत काहीतरी असावं. बारीक वाळू मात्र नको, ती सिमेंटसारखी बसते. आणि तळाला खडे घातले की निचरा चांगला होतो, हा समज सोडून द्या. पाणी बारीक मातीतून जाड खड्यांत सहज उतरत नाही, ते खड्यांच्या वरच अडून राहतं. म्हणजे खड्यांचा थर घातला की ओलसर पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो.

कॅक्टस इतके दिवस पाण्यावाचून राहतो तरी कसा? आपल्या बहुतेक झाडांची पानं दिवसा आपली सूक्ष्म छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वेळी भरपूर पाणी वाफेवाटे गमावतात. कॅक्टस दिवसा दारं लावून घेतो. रात्री, गारव्यात, छिद्रं उघडतो, वायू आत घेतो आणि त्याचं आम्ल करून पेशींमध्ये साठवतो. सकाळी ऊन आलं की दारं बंद ठेवूनच त्या साठ्यातून अन्न बनवतो.

आता नावांचा एक घोळ. मराठीत आपण काटेरी, मांसल दिसणाऱ्या कशालाही निवडुंग म्हणून मोकळे होतो. फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस. पण कुंपणाला लावतात तो त्रिधारी निवडुंग आणि शेर हे युफोर्बियाचे, म्हणजे वेगळ्याच कुळातले. फरक साधा आहे. युफोर्बियाला खरचटलं की पांढरा चीक येतो, तो डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. आणि कॅक्टसचे काटे लोकरीच्या इवल्या गादीतून उगवतात, अरिओल म्हणतात तिला. फांद्या आणि फुलंही अशा गादीतूनच निघतात. मॅमिलेरियात या गादीचे दोन भाग झालेत, एक टोकावर काट्यांसाठी, एक बेचक्यात फुलांसाठी. सगळे कॅक्टस मूळचे अमेरिका खंडांतले, अपवाद एकाच जातीचा. रिप्सालिस बॅक्सिफेरा ही लोंबणारी जात आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही रानात सापडते.

लालभडक किंवा पिवळ्याधमक गोळ्याचा, हिरव्या खुंटावर बसवलेला कॅक्टस तुम्ही पाहिला असेल. तो गोळा म्हणजे फूल नव्हे. ती जिम्नोकॅलिसियम नावाच्या कॅक्टसची हरितद्रव्य हरवलेली रोपं. त्यांना स्वतःचं अन्न बनवता येत नाही, म्हणून ड्रॅगन फ्रूटच्या जातभाईवर कलम करून जगवतात. दोघांचा संसार बहुधा काही वर्षांचाच असतो. मला तो प्रकार फारसा आवडत नाही, पण तुमच्या घरी असेल तर त्याचा राग धरू नका.

पहिलं रोप घ्यायचं असेल तर माझं मत रेब्यूशियाला. बोलिव्हिया आणि अर्जेंटिनाच्या डोंगराळ भागातली ही प्रजाती. पिअर रेब्यू नावाच्या फ्रेंच कॅक्टसविक्रेत्याचं नाव तिला १८९५ साली मिळालं. रोप लिंबाएवढं असतानाच, बुंध्याभोवती, केशरी-लाल फुलांची झुंबड उडते. कधी कधी रोपच दिसेनासं होतं. रात्री फुलं मिटतात, सकाळी उन्हात पुन्हा उघडतात, असं काही दिवस चालतं. एकिनॉप्सिस या दुसऱ्या कॅक्टसचं उलट. वीतभर लांब नळीवर हातभर कौतुकाचं फूल येतं, पण बऱ्याच जातींत ते संध्याकाळनंतर उघडतं आणि दुसऱ्या दिवशी मान टाकतं. ते रात्री फिरणाऱ्या पतंग-किड्यांसाठी असतं, आपण फक्त आगंतुक. आणि ख्रिसमस कॅक्टस नावानं मिळणारा चपट्या पेरांचा श्लुमबर्गेरा हा वाळवंटातला नाहीच. तो ब्राझीलच्या किनारी डोंगरांतल्या दमट जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढतो. त्याला कडक ऊन नको, माती पूर्ण वाळायला नको, आणि कळ्या धरायला लांब अंधाऱ्या रात्री हव्या. संध्याकाळी त्याच्या खोलीत दिवा जळत राहिला तर तो फुलायचं विसरतो. कळ्या आल्यावर कुंडी इकडेतिकडे हलवली तर त्या गाळून टाकतो.

रोगराईबद्दल थोडक्यात. बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण. कानातल्या कापसाच्या काडीला सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून एकेक टिपायचे, आठवड्यानं पुन्हा. बुंधा तपकिरी आणि कडक झाला तर ते वय आहे, आजार नाही. तपकिरी आणि मऊ झाला तर मात्र कूज, धारदार सुरीनं निरोगी हिरव्यापर्यंत कापायचं, कापलेला भाग आठवडा-दोन आठवडे वाळू द्यायचा आणि कोरड्या मिश्रणावर ठेवायचा. कुंडी बदलताना वर्तमानपत्राची जाड घडी पट्ट्यासारखी रोपाभोवती गुंडाळून धरा. त्यानंतर आठवडाभर पाणी नको, तुटलेली मुळं बरी होऊ द्या.

रोप घेताना ते बियांपासून किंवा बाळरोपांपासून वाढवलेलं आहे ना, एवढं विचारा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत कॅक्टसच्या ३१ टक्के जाती धोक्यात असल्याचं दिसलं, आणि रानातून रोपं उपटून विकणं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

माझ्या त्या पहिल्या मॅमिलेरियाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. गोंदाबरोबर काटे गेले, तिथं टक्कल पडलं. त्या गाद्यांवर पुन्हा काटे आले नाहीत. सुदैवानं गोंद वाढीच्या बिंदूपासून केसभर बाजूला होता, त्यामुळे रोप वाढत राहिलं आणि टक्कल दरवर्षी थोडं खाली सरकत गेलं. पहिल्या हिवाळ्यात मला राहवलं नाही, मी पाणी घातलं, फुलं आली नाहीत. दुसऱ्या हिवाळ्यात मी झारीच कपाटात ठेवली. वसंतात माथ्याभोवती गुलाबी टाचण्यांसारखं काहीतरी टोचून वर आलं. मोजल्या तर अकरा कळ्या, आणि कडं एके ठिकाणी तुटलेलं. बरोबर त्या टकलाच्या वर.

आता ते टक्कल बुंध्याच्या जवळ पोचलंय आणि कडं पूर्ण झालंय. या आठवड्यात कळ्यांची टोकं रंगली आहेत. उद्या ऊन पडलं तर दुपारी बाराच्या सुमारास उघडतील. म्हणून ध्वनिमुद्रणाला मी आजचाच दिवस मागून घेतला.

नमस्कार.