आधी पायाखालची वाट

श्रोतेहो, नमस्कार.

पडद्यावर फक्त मजकूर उमटतो, आपण ‘दिवा घे’, ‘दार उघड’ अशा दोन शब्दांच्या आज्ञा टाइप करतो आणि गोष्ट पुढे सरकते, अशा जुन्या धाटणीचा ॲडव्हेंचर गेम स्वतः तयार करण्याची हौस असलेल्यांसाठी आजचे हे भाषण आहे. सुरुवात कोठून करावी, असे मला अनेकदा विचारले जाते आणि माझे उत्तर एकच असते : जी जागा तुमच्या पायांना पाठ आहे, तेथून.

या खेळांचा उगमच तसा आहे. अमेरिकेत विल क्राउदर नावाचे एक प्रोग्रामर होते. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटच्या उभारणीत त्यांचा हात होता, पण त्यांचा जीव रमे तो केंटकी राज्यातील चुनखडीच्या गुहांत. पत्नी पॅट्रिशिया याही तितक्याच निष्णात गुहासंशोधक होत्या. फ्लिंट रिज आणि मॅमथ केव्ह या दोन गुहासमूहांना जोडणारी वाट 1972 च्या सप्टेंबरात ज्या तुकडीला सापडली, त्या तुकडीत त्या होत्या. गुहेतील मोजमापे घरी आणायची आणि संगणकाच्या मदतीने त्यांचे नकाशे काढायचे, हा या दांपत्याचा उद्योग होता. पुढे दोघे विभक्त झाले. गुहांमध्ये जाणे अवघड वाटू लागल्याने तेही थांबले आणि मुलींची उणीव क्राउदर यांना फार जाणवू लागली. तेव्हा, 1970 च्या दशकाच्या मध्यास, त्यांनी पीडीपी-10 या संगणकावर फोरट्रान भाषेत एक खेळ लिहिला. आपल्याला पाठ असलेली गुहाच त्यांनी शब्दांत उभी केली, तीत थोडी अद्भुतता मिसळली आणि मुली भेटीला आल्या की त्यांना ती खेळायला दिली. मुलींना खेळ अतिशय आवडला.

ती गुहा किती खरी होती, ते ऐका. खेळाच्या आरंभी जमिनीत लोखंडी जाळीचे कुलूपबंद दार लागते आणि तशी जाळी त्या प्रत्यक्ष गुहेच्या तोंडाशी होती. पुढे हा खेळ खेळलेली एक गुहासंशोधक त्या गुहेत पहिल्यांदाच उतरली, तेव्हा खेळाच्या आठवणीवरून ती वाटा ओळखत गेली, असे तिच्या सोबत्याने नोंदवून ठेवले आहे. पहिल्यांदाच उतरली आणि वाटा ओळखत गेली! चित्र एकही नव्हते. होते ते केवळ शब्द. आजच्या अनेक खेळांत पुढची वाट बाण दाखवतो. खेळणाऱ्याचा वाट शोधण्याचा आनंद त्यामुळे हिरावला जातो, असे माझे ठाम मत आहे.

हा खेळ स्टॅनफर्डमधील डॉन वुड्स यांच्या हाती लागला. त्यांनी मूळ लेखकाचा ठावठिकाणा काढण्यासाठी आर्पानेटवरील प्रत्येक संगणकावरच्या ‘क्राउदर’ या नावाला पत्र पाठवले, परवानगी मिळवली आणि 1977 मध्ये खेळ वाढवून पूर्ण केला.

म्हणून पुन्हा सांगतो, ओळखीची जागा घ्या. वहीत पेन्सिलीने प्रत्येक खोलीसाठी एक चौकोन काढा, चौकोन रेषांनी जोडा आणि पूर्वेला गेलेला माणूस पश्चिमेकडे वळल्यावर पहिल्याच खोलीत परततो ना, हे बोटाने तपासा. कोणती वस्तू कोठे आहे आणि तिच्यावाचून कोठे अडते, ते त्यानंतर ठरवा. साधनांची वाण नाही : ग्रॅहम नेल्सन यांचे इन्फॉर्म 1993 पासून आहे आणि प्रोग्रामिंग येत नसेल, तर ट्वाइनवर आरंभ करता येतो, मात्र तेथे आज्ञा टाइप न करता दुवे निवडत पुढे जायचे असते.

मराठीत आज्ञा स्वीकारायच्या असतील, तर एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. क्राउदर यांचा प्रोग्राम शब्दाची पहिली पाचच अक्षरे पाहत असे आणि इंग्रजीत तेवढ्याने भागत असे. मराठीत नाम आधी येते, क्रियापद शेवटी येते आणि विभक्ती लागताच नामाचे रूप बदलते. ‘विहीर’ची ‘विहिरीत’ होते, ‘कुलूप’चे ‘कुलपाला’ होते. त्यामुळे प्रत्येक वस्तूसाठी मूळ शब्दाबरोबर त्याचे सामान्यरूपही नोंदवावे लागते. मूळ शब्द आणि सामान्यरूप, दोन्ही.

मी स्वतः आजोळच्या घरापासून सुरुवात केली आहे : ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, परसू आणि परसातली विहीर. पहिल्यांदा खेळायला धाकट्या बहिणीला बसवले. माजघराच्या कुलपाची किल्ली शोधायचे सोडून ती थेट परसात गेली आणि तिने टाइप केले, ‘विहिरीत डोकाव’. ही आज्ञा मी लिहिलीच नव्हती. लहानपणी आम्ही दोघे काठावर ओणवे होऊन त्या विहिरीतले कासव वर येण्याची वाट पाहत असू, हे मी विसरलो होतो आणि ती विसरली नव्हती. त्याच रात्री मी ‘डोकाव’ हे क्रियापद जोडले. आता खेळात विहिरीत डोकावले आणि तीन वेळा ‘थांब’ असे लिहिले, की कासव वर येते.