चाबोची लांब पायांची बहीण
(दृश्य : खडीवरून येणारा कोंबडा. कॅमेरा जमिनीलगत.)

जपानचा हा चाबो. पाय आहेत, पण पिसांखाली शोधावे लागतात. पंखांची टोकं खडीला टेकलेली आणि शेपूट मात्र डोक्याच्याही वर, ताठ उभी. वजन किलोच्याही आत. पांढरं अंग, काळी शेपूट... या रंगाला जपानमध्ये कात्सुरा म्हणतात.

(दृश्य : त्याच खुराड्यातली उंच मादी.)

आणि ही त्याची सख्खी बहीण. आई तीच, बाप तोच, पण पाय चांगले लांब. प्रदर्शनात हिला कुणी विचारत नाही. आपण मात्र हिला नीट बघून घेऊ.

चाबोचे पूर्वज एदो काळाच्या, म्हणजे सतराव्या शतकाच्या, सुरुवातीला आग्नेय आशियातून समुद्रमार्गे जपानला पोहोचले, असं मानतात. तेव्हापासून हौशी लोक आखूड पायांचेच पक्षी वीणीला निवडत आले. 1941 साली या जातीला सरकारी मान मिळाला : ‘नैसर्गिक स्मारक’. जिवंत कोंबडीचं स्मारक! तरीही आखूड पायांच्या जोडीखाली आजही लांब पायांची पिल्लं निघतातच.

(दृश्य : प्रयोगशाळा. रंगवलेला भ्रूण, कूर्चा निळी, हाड लाल.)

हा निळा भाग बघा. पायाचं हाड आधी असं कूर्चेचं, म्हणजे मऊ, लवचीक असतं. टोकाजवळच्या पेशी वाढत राहतात, हाड लांबतं. त्या पेशींनी कधीपर्यंत वाढायचं आणि कधी थांबून हाडाला जागा करून द्यायची, हे ठरवणाऱ्या संदेशांपैकी एक महत्त्वाचा संदेश ‘इंडियन हेजहॉग’ या जनुकाकडून येतो. जनुक सातव्या गुणसूत्रावर. त्याच गुणसूत्रावर गुलाबतुऱ्याचं, म्हणजे डोक्यावरच्या पसरट तुऱ्याचं जनुकही आहे, त्यामुळे ही दोन्ही लक्षणं बऱ्याचदा जोडीनेच वारशात येतात. तुरा आणि पाय यांचं हे नातं संशोधकांना डीएनए वाचता येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

2020 साली जपानी संशोधकांनी चाबोमधला बदल नेमका दाखवला. डीएनएचा सुमारे 25 हजार अक्षरांचा तुकडाच गायब. त्यात हे जनुक अख्खं गेलेलं, आणि शेजारचं आणखी एक जनुकही गेलेलं. चीनमधल्या शिंगयी या बुटक्या कोंबडीतही हेच जनुक हरवलेलं आहे, फक्त गळालेला तुकडा त्याहून लहान.

आखूड पायांच्या प्रत्येक चाबोत या जनुकाची एक प्रत असते, दुसरी नसते. एका प्रतीवर संदेश कमी पडतो, कूर्चेच्या पेशी पक्व व्हायला उशीर होतो आणि हाडं आखूड राहतात. मांडीपेक्षा नडगी जास्त आखडते.

(दृश्य : अंधारात दिव्यावर धरलेलं अंडं. आत रक्ताचं कडं.)

आई-बाप दोघेही आखूड असले, तर चारातल्या एका अंड्यात दोन्ही प्रती नसतात. ते पिल्लू बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी आतच मरतं.

(दृश्य : आखूड कोंबडा आणि लांब पायांची मादी, एका खुराड्यात.)

म्हणून जाणते पाळणारे जोडी अशी लावतात. या जोडीची अंडी त्या कारणाने मरत नाहीत. पिल्लं सरासरी निम्मी आखूड, निम्मी लांब. बाहेर आल्याबरोबर नडगीवरून ओळखू येतात. रंग, शेपूट, अंगाचा बांधा, सगळं चाबोचंच. वेगळी आहे ती सातव्या गुणसूत्रावरची एवढी एक जागा. जतनासाठी कळप राखायचा, तर या लांब पायांच्या माद्याही नोंदवहीत आल्या पाहिजेत. पुष्कळदा त्या पहिल्याच वर्षी विकल्या जातात.