सोंड कुठे गेली?

(दृश्य : नुकत्याच पडून गेलेल्या सरीनंतरचं परडं. माडांवरून थेंब गळताहेत. चिऱ्यांच्या गडग्यावर शेवाळ.)

निवेदन :
गणपती गेले की वेंगुर्ल्याकडच्या आमच्या घरातली माणसं मुंबईला परततात आणि परड्यात फुलपाखरं वाढतात. पाऊस पुरता गेलेला नसतो, पण दोन सरींच्या मधल्या उघाडीत ऊन पडलं की गडग्याकडच्या टणटणीवर, विहिरीकडच्या इक्झोरावर, न्हाणीघरामागच्या जास्वंदीवर एकेक जण उतरायला लागतो. मी दरवर्षी या दिवसांत कॅमेरा घेऊन येतो. आणि दरवर्षी संध्याकाळी, पडवीत, माझ्या फोटोंची हजेरी घेतली जाते.

(दृश्य : पडवी. लॅपटॉपचा उजेड. शेजारी सुपात अळूची पानं.)

घेणारी आमची काकी. तिने जन्मात कॅमेरा हातात धरलेला नाही. मागच्या वर्षी मी तिला हळदी-कुंकू फुलपाखराचा फोटो दाखवला. पंख पसरलेले, फोटोच्या बरोबर मध्यभागी, खाली टणटणीचा गुच्छ. मला तो फार आवडला होता. काकी अळूचे देठ सोलता सोलता म्हणाली, “फूल बरां इलां. पन तां करतां काय?”

या प्रश्नाचं उत्तर फोटोत नव्हतं. फुलपाखरू फुलावर होतं, एवढंच. ते रस पीत होतं की नुसतं टेकलं होतं, की उडायच्या बेतात होतं? सोंड कुठे होती? मी वरून फोटो काढला होता, त्यामुळे डोकं पंखांच्या आड आणि सोंड फुलाच्या आड.

(दृश्य : तोच फोटो, मोठा करून.)

त्या फोटोत आणखी एक घोटाळा होता, तो मला नंतर कळला. हळदी-कुंकवाचा थाट पंखांच्या खालच्या बाजूला असतो. पिवळा रंग आणि कडेला लाल ठिपके, म्हणून तर ते नाव. वरची बाजू पांढरी, काळ्या शिरांची, साधी. म्हणजे पंख उघडायची वाट बघत मी अर्धा तास बसलो, ते त्याची साधी बाजू टिपायला. हे फुलपाखरू पंख मिटून बसतं तेव्हाच बाजूने घ्यायचं. बहुतेक वेळ ते उंच झाडांवरच असतं, कारण त्याच्या अळ्या बांडगुळावर वाढतात आणि बांडगूळ आंब्याच्या फांद्यांवर. आमचे बागायतदार ते तोडून टाकतात, आणि त्यांचंही बरोबरच आहे, कलम वाचवायचं तर दुसरा इलाज नाही. म्हणून हळदी-कुंकू खाली फुलावर उतरलं की ती संधी.

(दृश्य : सकाळ. ओल्या गवतात गुडघे टेकून बसलेला कॅमेरावाला.)

बाजूने घ्यायचं म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड पंखाला समांतर ठेवायचं. जरा तिरका कोन झाला की डोळा स्पष्ट आणि पंखाचं टोक धूसर, किंवा उलट. मॅक्रो, म्हणजे लहान वस्तू जवळून टिपणाऱ्या लेन्सवर सगळा खेळ फोकसच्या या खोलीचा आहे. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर वस्तू तिच्या खऱ्या आकाराएवढी टिपायची म्हटलं, तर लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, एफ 8 ला ठेवून साधारण 1 मिलिमीटर जागाच फोकसमध्ये राहते. काडेपेटीतल्या काडीच्या निम्मी जाडी. हे ऐकून लोक घाबरतात आणि अ‍ॅपर्चर बारीक, आणखी बारीक करत जातात. मग उजेड कमी पडून शटर मंदावतो, वाऱ्यावर फूल हलतं आणि सगळंच हातचं जातं.

पण मोठ्या फुलपाखराला इतकं जवळ जायची गरजच नसते. ब्लू मॉर्मन घ्या. 2015 साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू जाहीर केलं, तेच हे. राज्य फुलपाखरू ठरवणारं आपलं राज्य देशात पहिलं. पंख पसरले की ते तळहाताहून मोठं. ते अख्खं फोटोत मावायचं तर त्याच्या एक चतुर्थांश आकाराएवढीच प्रतिमा पुरते, आणि तेवढ्या अंतरावरून एफ 8 लाच जवळजवळ 1 सेंटिमीटर खोली मिळते. डोकं, सोंड, फुलाचं तोंड, सगळं त्यात बसतं. मॅक्रोची खरी कसोटी लागते ती एकदांडीच्या फुलावर बसणाऱ्या नखाएवढ्या निळ्या फुलपाखरांवर. त्यांच्यासाठी मी पोटावर झोपतो आणि हुमले, म्हणजे लाल मुंग्या, चावतात. ते सांगण्यासारखं नाही.

(दृश्य : जास्वंद. ब्लू मॉर्मन पंख फडफडवत फुलाशी.)

ब्लू मॉर्मनचा वेगळाच त्रास. ते फुलावर निवांत बसत नाही. रस पितानाही पुढचे पंख हलत राहतात. पंख गोठवायचे तर शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत न्यावा लागतो. मी ते सोडून दिलं. शटर 1/250 सेकंदाला ठेवला तर पंखांची कड पुसट होते आणि डोकं नीट राहिलं तर फुलपाखरू खरंच रस पितंय असं वाटतं. माझा मित्र याला चूक म्हणतो. मी त्याला फोटो दाखवायचे बंद केले आहेत.

उजेडाचं म्हणाल तर भाद्रपदाचं ढगाळ आभाळ हाच उजेड मऊ करणारा सगळ्यात मोठा डिफ्यूझर. कडक उन्हात जास्वंदीचा लाल रंग कॅमेऱ्यात नुसता डाग होतो, पाकळीच्या शिरा दिसत नाहीत. आणि तुमची सावली फुलपाखरावर पडली की ते गेलंच.

(दृश्य : दोन फोटो शेजारी शेजारी. दोन्हीत काळी, लाल खुणांची फुलपाखरं.)

यंदाच्या हजेरीत हे दोन फोटो आले. दोन्ही इक्झोरावरचे. डावीकडचं कॉमन रोझ. उजवीकडचंही मी तेच समजलो होतो. पण मागे एकदा अशाच फोटोत मी फसलो होतो, म्हणून यंदा अंग बघितलं. रोझचं अंग लाल असतं. उजवीकडच्याचं काळं. ती कॉमन मॉर्मनची मादी, रोझचं सोंग घेतलेली. रोझच्या अंगात विष असतं, पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, म्हणून ही त्याच्यासारखी दिसते. हा फोटो पंखांपुरता क्रॉप केला असता, तर पक्ष्यांसारखे आपणही फसलो असतो.

काकीला सोंगाचं कौतुक नाही. “हीच ना ती, माझ्या कडीपत्त्यार अंडी घालणारी?” तीच. अळ्या लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात आणि काकी त्यांना फसत नाही.

(दृश्य : फाटक्या पंखाचा ब्लू मॉर्मन.)

हा तिसरा. मागच्या पंखाचा तुकडा गेलेला. गावातल्या एकाने सुचवलं, कम्प्युटरवर दुसऱ्या बाजूचा पंख उलटा करून चिकटव, कळणार नाही. दोन्ही पंख सारख्याच ठिकाणी तुटलेले असते, तर पंख मिटलेले असताना पक्ष्याने चोच मारली असं म्हणता आलं असतं. इथे एकच तुटलाय. काट्यात अडकला असेल, काय माहीत. मी तो तसाच ठेवला. फुलपाखरं फ्रीजमध्ये गार करून फुलावर ठेवणारेही भेटतात. त्यांचे फोटो लगेच ओळखू येतात, पाय फुलाला धरत नाहीत.

(दृश्य : दुसऱ्या दिवशीची सकाळ. जास्वंदीचा लांब दांडा. हळूहळू जवळ.)

आज उघाड आठच्या सुमारास झाली. ब्लू मॉर्मन जास्वंदीत डोकं घालून. मी बाजूला, गडग्याला टेकून, फुलाच्या नळीपाशी फोकस धरून थांबलो होतो. सोंड आत वाकलेली, छातीला पिवळे परागकण, डोळा काळाभोर. बारा फोटो काढले, त्यातला एक लागला.

(दृश्य : पडवी. तो एक फोटो.)

काकीने चष्मा पुसला. बराच वेळ बघितलं.

“आता पितां हा,” ती म्हणाली.

मी लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात बोट पडद्यावर.

“पन मागे तां चुडत कित्याक घेतलंस रे झिला?”

माडाची वाळकी झावळी. मिशांच्या बरोबर मागून, तिरकी गेलेली. एक पाऊल डावीकडे सरकलो असतो, तर मागे नुसती विहीर आली असती.