श्वासनळीतला स्टेंट: 'एकदा टाकला की झालं' असं नसतं!

नमस्कार मंडळी. गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय, की आज दुसरा विषय घेववत नाही. "डॉक्टर, वडिलांच्या हार्टमध्ये बारा वर्षांपासून स्टेंट आहे, काही त्रास नाही. मग आईच्या श्वासनळीतला काढायचा का म्हणताय?"

आधी भराभर मूळ गोष्ट. कॅन्सरची गाठ, टीबीचा जुना व्रण किंवा बरेच दिवस राहिलेली व्हेंटिलेटरची नळी, यांमुळे श्वासनळी अरुंद होते. ती उघडी राहावी म्हणून आतून आधार देतात, तो स्टेंट. एक सिलिकॉनचा, दुसरा धातूच्या जाळीचा. बस. आता मुद्द्यावर येतो.

हार्टच्या स्टेंटवर काही महिन्यांत रक्तवाहिनीचं अस्तर चढतं आणि तो भिंतीत मुरून जातो. श्वासनळीत तसं नाही हो! तिथे प्रत्येक श्वासाबरोबर बाहेरची हवा, धूळ, जंतू येतात. अस्तरावरचे सूक्ष्म केस रात्रंदिवस कफ वर ढकलत असतात. स्टेंटला केस नाहीत. कफ तिथेच अडतो, वाळतो. मी काढलेल्या एका स्टेंटच्या आत सुकलेल्या डिंकासारखा पिवळा थर होता, चिमट्याने खरवडला तरी निघेना. म्हणून सलाईनचं नेब्युलायझेशन, म्हणजे मिठाच्या पाण्याचा बारीक फवारा मशीनने श्वासातून घ्यायला सांगतो. "बरं वाटतंय, आता बंद करू का?" नाही, स्टेंट आत आहे तोवर नाही.

आता माझ्या हातातला हा स्टेंट बघा. सिलिकॉनचा, फ्रान्समधल्या मार्से शहराच्या डॉ. ड्यूमॉन यांनी 1990 मध्ये मांडलेला प्रकार. बाहेरून हे उंचवटे आहेत, घसरू नये म्हणून. तरी कधीकधी घसरतो. कारण खोकताना श्वासनळी हलते, आवळते, आणि स्टेंटच्या दोन्ही टोकांना घासते. घासलं की मांस वाढतं. म्हणजे ज्यासाठी स्टेंट टाकला तोच अडथळा, आता टोकाशी!

धातूच्या उघड्या जाळीत तर ते मांस भोकांतून आत शिरतं. माझ्याकडे तिशीतली एक ताई आली होती. व्हेंटिलेटरनंतर श्वासनळी आवळली, एका हॉस्पिटलात जाळीचा स्टेंट टाकला, आणि पुढे कुणी दुर्बिणीने पाहिलंच नाही. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायचा, तो दमा समजून पंप चालू होता. आम्ही भूल देऊन एकेक तार चिमट्याने काढली. मला आजही राग येतो, कारण तिच्यापुढे अख्खं आयुष्य होतं.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, 2005 मध्येच सांगून ठेवलंय: आजार कॅन्सरचा नसेल तर धातूचा स्टेंट बाकी सगळे पर्याय, म्हणजे शस्त्रक्रिया, सिलिकॉनचा स्टेंट, तपासून झाल्यावरच. अरुंद भाग लहान असेल तर तेवढा तुकडा कापून नळी जोडता येते. निदान विचारा तरी! सिलिकॉनचासुद्धा बऱ्याचदा वर्ष-दीड वर्षाने काढून बघतात, नळी आपापली उघडी राहते का. काहींची राहते, काहींना पुन्हा टाकावा लागतो.

कॅन्सरचं गणित वेगळं. माणूस बसून रात्र काढत असेल, तर आज त्याला आडवं होऊन झोपता आलं पाहिजे. तिथे पाच वर्षांनंतरच्या त्रासाचा विचार करून स्टेंट नाकारू नका. एका दादांनी कमेंटमध्ये लिहिलं, "स्टेंटनंतर बाबा दोन महिने आमच्यात जेवायला बसले." दादा, ते दोन महिने मोलाचेच.

आणि एक काम आजच करा. स्टेंटचा प्रकार, माप, जागा लिहिलेलं कार्ड पेशंटच्या खिशात हवं. अचानक भूल द्यायची वेळ आली आणि घशातून नळी घालताना स्टेंट आहे हे माहीतच नसलं, तर तो जागचा हलू शकतो. कार्ड नसेल तर डिस्चार्जच्या कागदाचा फोटो काढा, आणि घरातल्या दोघांच्या तरी मोबाईलमध्ये ठेवा.