फ्रॉइसबुर्ग गडावरचे गाणे

जर्मनीच्या पश्चिम भागात, झीग नदीच्या खोऱ्यातील एका टेकडीवर फ्रॉइसबुर्ग हा जुना गड उभा आहे. आज तेथे युवा वसतिगृह चालते. फिल्ककॉन्टिनेंटल या मेळाव्यासाठी शरद ऋतूत अनेक देशांतील विज्ञानकथाप्रेमी येथे गिटार आणि बासऱ्या घेऊन येतात आणि अंतराळयाने, ड्रॅगन व परग्रहवासी यांच्यावरची गाणी रात्री उशिरापर्यंत गातात.

विज्ञानकथेच्या वाचकांनी स्वतः रचलेल्या या गाण्यांना ‘फिल्क’ म्हणतात. हे नाव अमेरिकेत १९५० च्या दशकात रूढ झाले. जर्मनीत त्यासाठीची भूमी आधीच तयार होत होती. १९५५ मध्ये तेथे विज्ञानकथाप्रेमींचा देशव्यापी क्लब स्थापन झाला, १९६१ पासून ‘पेरी ऱ्होडान’ या साप्ताहिक कथामालेने मोठा वाचकवर्ग घडवला आणि १९७० चे जागतिक विज्ञानकथा संमेलन हायडेलबर्गला भरले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या देशात ते प्रथमच भरत होते.

गाणारा समूह मात्र नंतर आकाराला आला, आणि १९९० च्या दशकात त्याला स्वतःचा मेळावा मिळाला. हा समूह टिकला तो त्याच्या बैठकीच्या रीतीमुळे, असे आम्हाला वाटते. सगळे वर्तुळात बसतात. ज्याची पाळी येते त्याने स्वतः गावे, दुसऱ्या कोणाकडे फर्माईश करावी किंवा पाळी पुढे जाऊ द्यावी. तिन्ही गोष्टींना सारखाच मान असतो. दुसऱ्या प्रकारच्या बैठकीत पाळी नसते, एक गाणे संपले की ज्याला सुचेल तो पुढचे सुरू करतो. व्यासपीठ आणि श्रोते असा भेदच नसल्यामुळे, ज्याचा सूर अजून पक्का नाही असा नवखा माणूसही पहिल्याच रात्री गाऊ शकतो, आणि पालुपद येताच सगळी खोली त्याच्या मदतीला धावते. परिचित चालीवर नवे शब्द बसवणारी विडंबनगीते येथे आहेत, तशाच स्वतंत्र चालीही आहेत. इंग्रजी आणि जर्मन रचना एकाच बैठकीत ऐकू येतात.

गडाची निवडही विचार करण्यासारखी आहे. युवा वसतिगृहांची कल्पना जर्मनीतच जन्मली आणि तिचे पहिले कायमचे घर आल्टेनाच्या गडावर होते. पुढे १९६४ ते १९६९ या काळात वाल्डेक गडावर कवी-गायकांचे महोत्सव गाजले. गडावर जमून गाण्याची ही सवय फिल्कच्या उपयोगी पडली असावी. शिवाय सर्वांचा मुक्काम एकाच छपराखाली असल्याने शेवटची गाडी गाठण्यासाठी कोणालाही बैठक सोडावी लागत नाही.

हा समूह बाहेरच्या जगापासून तुटलेला राहिला नाही. फिल्क गायकांना दूरच्या मेळाव्यांना पाहुणे म्हणून पाठवणारी ‘इंटरफिल्क’ ही अमेरिकी संस्था लिलाव आणि देणग्यांतून प्रवासखर्च उभा करते. जर्मन गीतकार आणि लेखिका यू होनिश यांचे नाव तर कॅनडातील फिल्क मेळाव्यात जाहीर होणाऱ्या ‘फिल्क हॉल ऑफ फेम’मध्ये नोंदले गेले आहे.