सौरपंप कुणाच्या नावावर?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘हरित वित्त आणि स्त्री-पुरुष समता’. त्यावर मी बोलणारच आहे. पण आधी जरा हात वर करायला लावते. ज्यांच्या घरी शेती आहे आणि सातबाऱ्यावर आईचं नाव आहे, असे किती जण आहात? तिकडे मागे तिघं, इथे पुढे चार. छान. आता ज्यांच्या आईचं नाव मालकाच्या नव्हे, ‘इतर हक्क’ या रकान्यात आहे, त्यांनी हात खाली घ्या. बघा, दोनच उरले! आता ज्यांना घरी फोन करून विचारावंसं वाटतंय त्यांनी व्याख्यान संपल्यावर करा.

कोळसा आणि डिझेल सोडून सूर्याकडे वळायचं तर पैसा लागतो, तेच हे हरित वित्त. तो कधी अनुदान म्हणून येतो, कधी बँकेचं कर्ज म्हणून, कधी सरकारी रोख्यांतून. वाटा वेगळ्या असल्या तरी गावात पोचल्यावर तो पहिल्यांदा विचारतो, जमीन कुणाची? २०१५-१६च्या कृषिगणनेप्रमाणे देशातल्या १०० वहितीधारकांत, म्हणजे ज्यांच्या हाती शेतीचा कारभार आहे अशांत, बायका १४सुद्धा भरत नाहीत, आणि त्यांच्याकडचं क्षेत्र १२ टक्क्यांच्या आत आहे. उलट खेड्यांतल्या कामकरी बायकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश शेतीतच राबतात. माझं सगळं म्हणणं या दोन आकड्यांमधल्या दरीबद्दल आहे.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका ताईंची गोष्ट सांगते. नवरा चाकणला कंपनीत, महिना-दोन महिन्यांनी गावी येतो. अडीच एकर रान या बघतात. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात या आणि यांची जाऊ बॅटरी घेऊन निघायच्या. एकीनं मोटार चालू करायची, दुसरीनं दारं धरायची. विंचूकाट्याची भीती असतेच, पण त्यांचं म्हणणं असं की, ताई, विंचवापेक्षा बांधावरून कोण जातंय याची धास्ती जास्त. ज्यांनी रात्री पिकाला पाणी दिलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणून सौरपंपाची बातमी कळली तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद यांना झाला. दिवसा पाणी, रात्री झोप!

अर्ज भरायला बसलो. सातबारा सासऱ्यांच्या नावे, सासरे वारलेले. वारसनोंद करायची तर तीन भाऊ, एक बहीण. फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, मंजूर व्हायला हेलपाटे झाले, मग पंपासाठी इतर सहधारकांचं ना-हरकत पत्र आलं. यात कुणी खलनायक नव्हतं हो. दीर समंजस, तलाठी कामसू. पण ज्या बाईचं रान, जिची झोप, जिची पाठ, तिची सही या एवढ्या कागदांत एकाही ठिकाणी लागली नाही. मोबाइल नंबर नवऱ्याचा. ओटीपी चाकणला. पुरवठादार कंपनीच्या माणसानं फोन केला तोही चाकणला, आणि पॅनेल कुठे उभे करायचे हे ठरलं तेही चाकणहूनच. ताईंना ते विहिरीच्या वरच्या अंगाला हवे होते. पॅनेलवर फुफाटा बसतो, तो धुवायला लागतो, आणि पाणी तिथे हाताशी होतं. उभे राहिले रस्त्याच्या कडेला. गाडी तिथपर्यंत येते ना! आता दर आठवड्याला या कळशीनं पाणी वाहून पॅनेल पुसतात. पुढे कंट्रोलर बंद पडला तेव्हा तक्रार नोंदवायलाही लाभार्थ्याचाच नंबर लागला. लाभार्थी रात्रपाळी करून झोपलेला. कांद्याचं रोप तोवर करपलं.

गैरसमज नको. सौरपंप ही उत्तम गोष्ट आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्यानं फक्त १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. त्या ताई आज रात्री झोपतात, आणि ही मला समतेतली मोठीच कमाई वाटते. पण उद्या या पंपावर, या रानावर कर्ज काढायचं झालं तर बँकेच्या दृष्टीनं त्या कुणीच नाहीत. आपण इंधन बदललं, मालक तोच ठेवला.

आणि हे आपल्याकडे नवीन नाही, म्हणून जास्त लागतं. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची, म्हणजे घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करण्याची, हाक दिली आणि जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांत पुरुषांनी आपणहोऊन जमीन बायकोच्या नावे केली. कुठलाही हवामान निधी तेव्हा नव्हता! नंतर सरकारनंही ती कल्पना उचलली. नवऱ्यानं अर्ज दिला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. किती जणांनी दिला? शेजारी गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानं लग्नाबरोबर मिळकतीत बायकोचा सहसा अर्धा वाटा येतो, तिच्या संमतीशिवाय घरदार विकता येत नाही. तिथे काही संसार मोडले नाहीत.

‘बायकांना व्यवहार जमेल का’ असं विचारणाऱ्यांना मी सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला पाठवते. तिथल्या माणदेशातल्या बायकांनी कार्यकर्त्या चेतना सिन्हांबरोबर बँकेचा परवाना मागितला. रिझर्व्ह बँकेनं अर्ज परत पाठवला, कारण प्रवर्तक सभासद निरक्षर, अंगठेबहाद्दर. त्या बायका हताश झाल्या नाहीत, अक्षरं गिरवायला बसल्या. पुन्हा गेल्या तेव्हा त्यांनी अधिकाऱ्यांनाच आव्हान दिलं. कुठल्याही रकमेवरचं व्याज आम्हाला तोंडी विचारा, आणि तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा, बघू कोण आधी सांगतं! १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. टाळ्या त्यांच्यासाठी वाजवा, माझ्यासाठी नको.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता सुरू करते.

जानेवारी २०२३मध्ये केंद्र सरकारनं पहिले हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठीच पैसा उभा करणारे कर्जरोखे, काढले, त्या वर्षात एकूण १६,००० कोटींचे. अशा पैशाचा हिशेब कार्बनमध्ये मांडतात, किती टन टळला. तो हवाच. त्याच्या शेजारी दुसरा रकाना मागायचा आहे: यातून उभी राहिलेली मालमत्ता कुणाच्या नावावर? मागणी अवास्तव नाही. हरित हवामान निधी या आंतरराष्ट्रीय निधीकडे, म्हणजे जीसीएफकडे, प्रकल्प घेऊन जाताना स्त्री-पुरुष समतेचा कृती आराखडा जोडावाच लागतो. आणि उज्ज्वलाचं गॅस कनेक्शन २०१६पासून बाईच्याच नावानं मिळतं. चुलीपाशी तिचं नाव चालतं, तर विहिरीपाशी का नको? सौरपंपाच्या अर्जात पती-पत्नी दोघांची नावं, दोघांचे मोबाइल आणि विनाशुल्क फेरफार, एवढं करायला नवा कायदा लागत नाही.

जिच्याकडे जमीनच नाही तिचं काय? तिच्यासाठी बचत गट आहे. गटाला बँक २० लाखांपर्यंत विनातारण कर्ज देऊ शकते, आणि परतफेडीत गट चोख आहेत. नवीकरणीय ऊर्जेची कर्जं प्राधान्यक्षेत्रात, म्हणजे बँकांना ठरावीक वाटा द्यावाच लागतो अशा क्षेत्रांत, मोडतात. या दोन गोष्टींची गाठ शाखा पातळीवर पडत नाही, ती पाडायला हवी. सौर शीतगृह, कांदा-टोमॅटो वाळवणी, पिठाची चक्की या गटाच्या मालकीच्या असू शकतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. त्यामुळे कांदळवन जपण्यात त्यांची स्वतःची मिळकत आहे.

आता शेवटचं, आणि हे घाईत सांगायचं नव्हतं. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून जागा भाड्यानं घेऊन सौर प्रकल्प उभारायची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, तिच्यात जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं आहे, वर दरसाल ३ टक्के वाढ. खाजगी जमिनीचं भाडं सातबाऱ्यावरच्या नावाला जातं. पण प्रकल्प गायरानावरही येतात, आणि गायरानात शेळ्या चारणारी, सरपण, शेण गोळा करणारी बहुधा भूमिहीन बाई असते. तिच्या नावाचा रकाना कुठल्याच कागदात नाही. आपल्याकडे ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद आहे. गायरानाला कुंपण पडण्याआधी ती सभा खरोखर भरली पाहिजे, चराई कुठे हलवायची आणि ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पैशातून चाऱ्याला किती, हे तिथे ठरलं पाहिजे, आणि तो ठराव कराराला जोडलेला पाहिजे. कर्जहमीबद्दल राहिलंच. ते प्रश्नोत्तरांत विचारा, सांगते.