कार्ल-मार्क्स-श्टाटची मैत्रीण

श्रोतेहो, नमस्कार.

तरुणपणी एखादा उन्हाळा परदेशात जातो, तिथं कुणाशी तरी गट्टी जमते, परतल्यावर चार पत्रं जातात-येतात. मग नोकरी, लग्न, बिऱ्हाडं यांत ते माणूस हरवतं, आणि ‘राहिलं ते राहिलं’ म्हणून आपण गप्प बसतो. मला आज आग्रहानं सांगायचंय की पस्तीस-चाळीस वर्षांनीसुद्धा अशा माणसाचा शोध घ्यावा. जुन्या आठवणी उगाळायला नव्हे. त्या वयात जे विचारता आलं नाही, ते विचारायला.

१९८८ साली मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकत होते. परदेशी विद्यार्थ्यांसाठी पूर्व जर्मनीत वायमारला उन्हाळी भाषावर्ग भरायचा, तिथं जायची संधी मिळाली. एरोफ्लोटचं विमान, मॉस्कोत बदल, मग पूर्व बर्लिन. वायमार हे जर्मन कवी गटे आणि शिलर यांचं गाव. नाट्यगृहासमोर दोघांचा जोडपुतळा आहे, इल्म नदीकाठच्या बागेत गटेचं छोटं घर आहे. आणि त्याच गावापासून थोड्या अंतरावर, एटर्सबर्गच्या टेकडीवर, नाझींची बुखेनवाल्डची छळछावणी होती. तिच्या फाटकावरचं घड्याळ सव्वातीनवर थांबवून ठेवलंय. ११ एप्रिल १९४५ ला छावणी मुक्त झाली, ती ही वेळ.

आमच्या मदतीला तिथल्या काही विद्यार्थिनी नेमल्या होत्या. त्यांतली एक माझ्याच वयाची, कार्ल-मार्क्स-श्टाट या शहरातली. बुखेनवाल्डहून परतताना बसमध्ये कुणी बोलत नव्हतं. ती माझ्या शेजारी बसली होती. म्हणाली, “आम्हाला शाळेतून इथं आणतात. पण माझे आजोबा युद्धात काय करत होते, हे घरात कुणी सांगत नाही.” नुकत्याच ओळख झालेल्या मुलीला तिनं एवढं सांगितलं. आमची मैत्री तिथून सुरू झाली.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिनं मला त्या थ्युरिंगिया भागातले बटाट्याचे गोळे करायला शिकवलं. कच्चे बटाटे किसायचे, फडक्यात घालून घट्ट पिळायचे, त्यात उकडून कुस्करलेला बटाटा मिसळायचा, आणि मोदकात सारण भरावं तसे आत पावाचे तळलेले तुकडे भरून गोळा गरम पाण्यात सोडायचा. तिचे गोळे अख्खे वर यायचे, माझे पाण्यातच उकलायचे. त्याच्या बदल्यात मी तिला पुरणपोळी कबूल केली. पण हरभऱ्याची डाळ कुठून आणणार? “कृती पत्रातून पाठव,” ती म्हणाली.

परतीच्या आधी मला एक दिवस पश्चिम बर्लिन पाहायला मिळालं. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट होता. तिच्या देशातल्या सामान्य माणसाला मात्र निवृत्तीचं वय होईपर्यंत पलीकडे जायला मिळणं फार अवघड. फ्रीड्रिखश्ट्रासं स्टेशनाला लागून काचेची एक इमारत होती, पलीकडे जाणाऱ्यांची तपासणी तिथं व्हायची. लोक तिला अश्रूंचा महाल म्हणत. ती दारापर्यंत आली, माझ्या हातात एक फोन नंबर दिला आणि म्हणाली, “माझी मावशी आहे. आम्ही बरे आहोत, एवढं सांग.” मी पलीकडच्या बूथमधून नाणं टाकून फोन केला. मावशीनं विचारलं, “पोरगी नीट जेवते ना?” बाकी फार काही बोलली नाही, रडत होती.

पुण्याहून मी कृती पाठवली, जर्मनमध्ये, मापांसकट. हरभऱ्याच्या डाळीऐवजी वाटाण्याची पिवळी डाळ, गुळाऐवजी तपकिरी साखर. पत्रं चालू राहिली. ९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत उघडली, ते मी आकाशवाणीच्या बातम्यांत ऐकलं. पुढे तिच्या शहराचं नावच गेलं. कार्ल-मार्क्स-श्टाट हे नाव साम्यवादी राजवटीनं १९५३ मध्ये दिलेलं. १९९० च्या वसंतात लोकांनी मतदान करून जुनं नाव मागितलं, आणि १ जूनपासून ते पुन्हा केमनित्स झालं. मार्क्सचं भलंमोठं दगडी पीठावरचं डोकं मात्र अजून भर शहरात आहे. कारखाने धडाधड बंद पडले, तरुण माणसं कामासाठी पश्चिमेकडे गेली, तीही गेली. जर्मनीचे पिनकोड १९९३ मध्ये चारआकडी होते ते पाचआकडी झाले. इकडे मी लग्न होऊन सदाशिव पेठेतून कोथरूडला आले. दोघींची आडनावं बदलली, दोघींचे पत्ते बदलले. माझं पत्र परत आलं, तिचीही पत्रं परत जात होती, हे मला खूप नंतर कळलं.

२०२५ साली केमनित्स युरोपची सांस्कृतिक राजधानी होती. तेव्हा एका बातमीत ते मार्क्सचं डोकं दिसलं आणि मी शोधाला लागले. बायकांना शोधणं कठीण, कारण आडनाव हाती नसतं. इंटरनेटवर तिच्या माहेरच्या नावानं काहीच सापडलं नाही. पण जर्मनीत घर बदललं की प्रत्येकाला नागरी नोंदणी कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्या नोंदीत आधीची नावंही राहतात. माणूस नेमकं कोण हे पटण्यासारखी माहिती दिली, थोडं शुल्क भरलं आणि हे जाहिरातबाजीसाठी नाही असं कळवलं, तर सध्याचा पत्ता मिळू शकतो. माझ्याकडे तिचं माहेरचं नाव होतं, जुना पत्ता होता, आणि जन्मतारीखही, कारण तिचा वाढदिवस आम्ही वायमारलाच केला होता. तुमचं असं कुणी जर्मनीत असेल, तर या तीन गोष्टी जुन्या पत्रांत जरूर शोधा.

उत्तर आलं. ती केमनित्सलाच होती. आईच्या आजारपणात परत आलेली, तिथंच राहिलेली. मी लगेच पत्र टाकलं.

तिचं जाडजूड पाकीट आलं, ते उघडलं तर आत माझं स्वतःचं अक्षर. पुरणपोळीची कृती! माझी मूळ पत्रं घरं बदलताना तिच्याकडून गहाळ झाली होती. ही प्रत आली होती श्टाझीच्या, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्तहेर खात्याच्या दप्तरातून. हे खातं परदेशची पत्रं उघडून त्यांच्या नकला करून ठेवायचं. त्याची उरलेली कागदपत्रं ओळीनं मांडली तर एकशे अकरा किलोमीटर भरतात. १९९१ च्या शेवटी कायदा झाला, आणि १९९२ च्या जानेवारीपासून लोकांना आपापली फाईल वाचता येऊ लागली. तिनंही वाचली होती. माझ्या कृतीतल्या प्रत्येक आकड्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं रेघ मारली होती. पाव किलो, चार वेलदोडे, वीस मिनिटं. त्यांना ती सांकेतिक भाषा वाटली असणार.

मग आम्ही व्हिडिओ कॉलवर बोललो. पहिल्या दिवशी मुलं, गुडघे, निवृत्ती. दुसऱ्या खेपेला मी विचारलं, “त्या दिवशी मी पलीकडे गेले, तुला राग आला होता का?” ती म्हणाली, “हो. भिंतीचा होताच, पण त्या दिवशी तुझाही आला होता. तू तिकडून कॉफीचं पाकीट आणलंस. आईनं ते पाहुण्यांसाठी जपून ठेवलं. मी त्यातली कॉफी कधी प्यायले नाही.” १९८८ मध्ये ती हे बोलू शकली नसती, आणि मला ते समजलंही नसतं. आता ऐकताना वाईट वाटलं, पण मैत्रीत दडवलेलं काही उरलं नाही, याचं फार बरं वाटलं.

यानंतर तिनं मला एक प्रश्न विचारला. फाईलमध्ये त्या उन्हाळ्याबद्दलचे अहवाल होते. लिहिणाऱ्याचं खरं नाव कळावं म्हणून तिनं अर्ज केला होता. ती आमच्याच मदतनीस मुलींपैकी एक निघाली. संध्याकाळी आमच्याबरोबर नदीकाठी बसून गाणी म्हणणारी. हे माझ्या मैत्रिणीनं तीस वर्षं मनात ठेवलं होतं. नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता, तो तिथं नव्हता. “मला एवढंच विचारायचं होतं,” ती म्हणाली, “ती आपल्याशी खरंच चांगली वागत होती ना? की मलाच तसं वाटलं? तू सोडून हे मी कुणाला विचारणार?”

मी आठवलं ते सांगितलं. माझा पाय मुरगळला तेव्हा त्याच मुलीनं रात्री पट्टी बांधली होती. सकाळी माझं दप्तर उचलून वर्गापर्यंत आली होती. ती प्रेमळ होती, आणि ती अहवालही लिहीत होती. दोन्ही खरं आहे. तिनं ऐकून घेतलं, बराच वेळ प्रश्न विचारत राहिली, कोणता पाय, कोणता दिवस, तेव्हा आपण काय बोलत होतो. त्या मुलीला पत्र लिहावं का, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. मी म्हणते लिही, ती म्हणते एवढ्यात नको.

येत्या जानेवारीत ती पुण्याला येतेय. तिचा व्हिसाचा अर्ज आम्ही दोघींनी मिळून भरला. तिला रानडे इन्स्टिट्यूट पाहायचंय, सदाशिव पेठेतलं ते घर पाहायचंय ज्याचा पत्ता ती अजून तोंडपाठ म्हणते, आणि पुरण स्वतः वाटायचंय. माझ्या सूनबाई म्हणतात मिक्सर वापरू. मी पुरणयंत्र माळ्यावरून खाली काढून ठेवलंय.

नमस्कार.